सुई देणाऱ्या बाईचं नाव नियमांत कुठे आहे?

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी तासभर बसावं. आशाताई ड्यू लिस्ट पाहून एकेका पोराचं नाव घेते, आरोग्य सेविका व्हॅक्सिन कॅरियरमधून कुपी काढते, तारीख बघते, कुपीवरचा रंग बघते, सुई देते, कार्डावर नोंद करते. कापूस वेचणीचे दिवस असले तर आयांना परतायची घाई असते. तरी त्यातली एखादी थांबते आणि विचारते, "सिस्टर, त्या दवाखान्यात अजून एक सुई सांगतली, पैशाची हाय. पोराले द्या लागते काय?"

सिस्टरला औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नाही. पण ती 'घ्या' म्हणाली तर घरातले पैसे त्या सुईसाठी बाजूला पडतात, आणि 'राहू द्या' म्हणाली तर तो विषय त्या घरात तिथेच मिटतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधी निर्णय बहुतेक वेळा इथे झालेला असतो. लस विकणाऱ्याला हे कळत नसेल असं मानायला जागा नाही. मग जिला चिठ्ठी लिहिता येत नाही पण जिच्या शब्दाला एवढं वजन आहे, तिच्यापुढे कंपनीने आपल्या लसीचा प्रचार करावा का, किती करावा, आणि त्याला आपल्याकडे नियम काय आहेत? हा प्रश्न शहरातल्या परिषदांमध्ये क्वचित निघतो. राळेगावसारख्या ठिकाणी तो रोजचा आहे.

आधी थोडं मागे जाऊ. लस देणं हे आपल्याकडे केवळ डॉक्टरचं काम कधीच नव्हतं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातली पहिली. पुढे गावोगाव 'देवी काढायला' जाणारा माणूस पदवीधर डॉक्टर नसे. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत, पण तो होता सरकारी लस टोचणारा कर्मचारी. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सुचवलं की देवी, हिवताप, कुटुंब नियोजन अशी वेगवेगळी माणसं ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी असावेत, आणि त्यातूनच आजची आरोग्य सेविका घडली. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. दर टप्प्याला तिच्या पेटीत एकेक कुपी वाढत गेली. आज जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या बहुतेक सगळ्या सरकारी लसी तिच्याच हातून जातात. कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाणारीही तीच. इथल्याच बोराटीच्या जंगलात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नरभक्षक ठरवलेली वाघीण मारली गेली. त्याआधीचे कित्येक महिने या भागातली माणसं जीव मुठीत धरून वावरत होती. अशा मुलखात जी बाई फिरते तिच्या शब्दाला किंमत येणारच.

सरकारी कार्यक्रमापुरतं पाहिलं तर नियम स्पष्ट आहेत आणि मला ते शहाणपणाचेही वाटतात. औषध नियम, १९४५ च्या अनुसूची 'के'मध्ये आरोग्य सेविका, परिचारिका, बहुउद्देशीय कर्मचारी, अंगणवाडी सेविका यांना सरकारी आरोग्य कार्यक्रमातली औषधं पुरवण्यासाठी विक्री परवान्यातून सूट दिलेली आहे. राष्ट्रीय वेळापत्रक हीच तिची चिठ्ठी. कोणत्या कंपनीची कुपी येणार हे वरच ठरलेलं असतं. जिल्हा भांडारातून आलेली पेटी ती उघडते. त्यामुळे तिथे तिला भुलवून कंपनीला काही मिळत नाही. आशाताईला पहिल्या वर्षीचं पूर्ण लसीकरण झाल्यावर १०० रुपये आणि दुसऱ्या वर्षीचं झाल्यावर ७५ रुपये मिळतात, तोही एका अर्थी प्रोत्साहनाचाच पैसा. पण तो सरकार देतं, उघडपणे देतं, आणि एका ब्रँडसाठी देत नाही.

अडचण सुरू होते ती कार्यक्रमाबाहेरच्या लसींपाशी. कावीळ 'अ', कांजिण्या, फ्लू, विषमज्वराची संयुग्मित लस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही. या खासगी दवाखान्यात पैसे मोजून मिळत आल्या. शिवाय ही यादी स्थिर राहत नाही. न्यूमोकोकलची लस कित्येक वर्षं पैसेवाल्यांच्याच पोरांना मिळे. २०२१ मध्ये ती सरकारी वेळापत्रकात राज्यभर आली. रोटाव्हायरसची त्याआधी, २०१९ मध्ये. विषमज्वराची लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये आपल्या हद्दीत मोहीम काढून मोफत दिली, राळेगावात मात्र तीच विकत घ्यावी लागे. म्हणजे सिस्टरने एका वर्षी 'ही आपल्याकडे नाही' असं सांगितलं तर पुढच्या वर्षी तेच उत्तर चूक ठरतं. आणि या बदलत्या रेषेवर उभं राहून तिला बोलायला शिकवतं कोण, तर पुष्कळदा भिंतीवरचा तक्ता. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात वयाप्रमाणे लसींचा जो रंगीत तक्ता लावलेला असतो, त्याच्या तळाशी बहुधा एखाद्या लसीचं नाव असतं. फ्रीजमधल्या कुप्यांचा हिशेब ठेवणारी, पुढच्या तारखेचा फोन करणारी, आईला दोन कुप्यांच्या किमतीतला फरक समजावणारी बाई त्या तक्त्याखालीच बसते.

आता कायदे काय म्हणतात ते पाहू. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. अनुसूचीतल्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला तो मनाई करतो, आणि 'प्रतिबंध' हा शब्दही त्यात आहे. अनुसूचीत कर्करोग आहे. एचपीव्ही लस कर्करोग टाळते असं ब्रँडचं नाव घेऊन सर्वसामान्यांना सांगणं इथे अडतं. पण कलम १४ मध्ये सवलती आहेत: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला गोपनीयपणे पाठवलेला मजकूर चालतो. औषधांच्या माहितीपत्रकांवर बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते, की हे फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी आहे. ती ओळ या कायद्याच्या नियमांतून आली. त्यातला 'रुग्णालय' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरच्या टेबलावर ठेवलेलं पत्रक संध्याकाळी सिस्टरच्या टेबलावर असतं, आणि रुग्णालयात ती असतेच. १९५४ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक डॉक्टर आणि एक भोळा ग्राहक होता. मधली बाई त्यांना दिसली नाही.

चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी अशी अट २०१५ मध्ये औषध नियमांत घातली गेली. तीही जाहिरातीबद्दल आहे, समोरासमोरच्या बोलण्याबद्दल नाही. कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, येऊन टेबलाशी उभं राहून दोन मिनिटं बोलतो ती जाहिरात म्हणायची का, यावर वाद घालता येतो.

भेटवस्तूंचं पाहू. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने १० डिसेंबर २००९ रोजी आपल्या आचारसंहितेत बदल करून औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घ्यायला डॉक्टरांना बंदी केली. बंदी डॉक्टरांना. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, कारण घेणाऱ्याने ते घेणं नियमबाह्य आहे. निकाल मोलाचा आहे. पण त्याचा आधार घेणाऱ्याची आचारसंहिता आहे हे ध्यानात घ्यावं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेला १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही आहे, म्हणून तिच्या बाबतीत हा तर्क पोहोचू शकेल असं मला वाटतं. खासगी दवाखान्यात आठ-दहा हजारांवर काम करणाऱ्या मुलीपर्यंत तो कसा पोहोचणार? तिला एखादी पिशवी, एखादा डबा, दिवाळीची मिठाई दिली तर डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम मोडत नाही, कारण ती डॉक्टरांच्या नोंदवहीत नाहीच.

मग राहते औषध विपणनाची एकसमान संहिता. ती २०१५ च्या जानेवारीपासून ऐच्छिक स्वरूपात लागू झाली आणि १२ मार्च २०२४ रोजी नव्याने आली. तिच्या २०१४ च्या मजकुरात भेटवस्तूंची बंदी 'औषध लिहून देण्यास किंवा पुरवण्यास पात्र व्यक्तीं'साठी होती. २०२४ मध्ये 'आरोग्य व्यावसायिक' आणि त्यांचे कुटुंबीय असा शब्द आला, पण पैशाच्या किंवा वस्तूरूप लाभाच्या वाक्यात पुन्हा 'लिहून देण्यास किंवा पुरवण्यास पात्र' हेच शब्द उरले. सुई देणारी लिहीत नाही. पुरवते का? सरकारी कार्यक्रमात पुरवते, असं अनुसूची 'के' वाचून म्हणता येईल. खासगी दवाखान्यात पुरवणारा डॉक्टर असतो, ती फक्त टोचते. एकाच बाईने सकाळी उपकेंद्रात आणि संध्याकाळी दवाखान्यात तेच काम केलं तर एकीकडे ती संहितेत येते आणि दुसरीकडे वाद उरतो. शब्द नीट न निवडल्याचा हा परिणाम आहे आणि तो दुरुस्त करणं कठीण नाही.

एका बाबतीत मात्र ही संहिता स्वच्छ बोलते: जिला किंवा ज्याला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही तिला मोफत नमुने देऊ नयेत. लसीच्या बाबतीत हे फारच आवश्यक आहे. गोळीचा नमुना पिशवीत राहिला तर फार बिघडत नाही. लसीची कुपी २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, आणि एमआरच्या बॅगेतून उन्हाळ्यात राळेगावला आलेली कुपी कोणाच्या बाळाला द्यायची? नुसत्या 'सुरक्षित' या शब्दाने औषधाची भलामण करू नये, दुष्परिणाम नाहीतच असं ठामपणे म्हणू नये, हेही संहितेत आहे. पण १,००० रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक वस्तूंना, म्हणजे कॅलेंडर, डायरी अशा वस्तूंना, मुभा आहे. भिंतीवरचा तो रंगीत तक्ता याच मुभेत बसतो. संहिता मोडली तर तक्रार कंपन्यांच्याच संघटनेच्या नीती समितीकडे जाते. औषध प्रतिनिधींच्या महासंघाने सर्वोच्च न्यायालयात जाऊन या संहितेला कायद्याचं बळ द्या अशी मागणी केली, ती याचसाठी. ज्यांनी आयुष्य विक्रीत घालवलं त्यांनीच ही मागणी करावी, याला माझ्या लेखी मोठा अर्थ आहे.

आपल्या कायदेकारांना ही मधली बाई कधी दिसलीच नाही असं मात्र नाही. १९९२ चा बालदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालअन्नासंबंधीचा कायदा काढून वाचावा. त्यात 'आरोग्य कर्मचारी' या शब्दाची व्याख्या आहे: माता, बाळं किंवा गरोदर बायांच्या आरोग्यसेवेत गुंतलेली व्यक्ती. ती चिठ्ठी लिहिते का, हा प्रश्नच विचारलेला नाही. अशा व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातल्या कोणालाही दूध पावडरच्या प्रसारासाठी पैसे वा भेट देता येणार नाही असं कलम ९ सांगतं. २००३ च्या दुरुस्तीने परिषदा आणि प्रायोजकत्वही बंद झालं. बाळंतिणीच्या खाटेशी उभी असलेली परिचारिका 'दूध कमी पडतंय, पावडर सुरू करा' म्हणाली की डॉक्टरचं मत विचारायला कोणी जात नाही, हे त्या कायद्यामागच्या लोकांना ठाऊक होतं. तेच निरीक्षण लसीलाही लागू आहे. दूध पावडर हानी करू शकते आणि लस जीव वाचवते, हा फरक मोठा आहे. म्हणून लसीबद्दल संपूर्ण बंदी मला मान्य नाही. पण माणूस ओळखण्याची जी रीत त्या कायद्याने घालून दिली ती उचलायला काय हरकत आहे?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. ब्रिटनमध्ये परिचारिका ठरावीक गटातल्या रुग्णांना लेखी सूचनापत्राच्या आधारे लस देतात, प्रत्येक वेळी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तिथल्या औषध उद्योगाच्या संहितेतली आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या लिहून देणारा, पुरवणारा यांच्याबरोबरच सुचवणारा, खरेदी करणारा आणि देणारा यांनाही धरते. म्हणजे चिठ्ठी न लिहिणाऱ्या परिचारिकेसमोर लसीचा प्रचार करता येतो, पण करणाऱ्यावर सगळे निर्बंध लागू राहतात. आंतरराष्ट्रीय औषध उत्पादक महासंघाची व्याख्याही अशीच रुंद आहे. युरोपीय संघाचा २००१ चा निर्देश चिठ्ठीच्या औषधांची जनतेपुढची जाहिरात बंद ठेवतो, आणि सरकारी मान्यता असलेल्या लसीकरण मोहिमांना तेवढी सूट देतो. ही वाट आपल्याला जशीच्या तशी चालेल असं मला वाटत नाही. तिथली परिचारिका जी लस देते ती बहुतेक सार्वजनिक व्यवस्थेची असते, रुग्णाच्या खिशातून पैसे जात नाहीत. इथे जातात.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. सिस्टरला माहिती हवीच. गोवर-रुबेलाची पूड द्रावकात मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, द्रावक त्याच कंपनीचं लागतं, बीसीजी कातडीत द्यायची आणि पेंटा मांडीच्या स्नायूत. यातली एखादी गोष्ट चुकली तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. २००८ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूतल्या तिरुवल्लूर जिल्ह्यात गोवराच्या लसीनंतर चार बाळं दगावली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात, ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओच्या दिवशी १२ मुलांच्या तोंडात डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलं वाचली, तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या वेळी चर्चा झाली ती त्या तिघांच्या हलगर्जीची. बूथवर बसणाऱ्यांना प्रशिक्षण किती दिलं, कोणी दिलं, बाटल्या वेगळ्या ठेवायला कोणी सांगितलं, याची चर्चा फार पुढे गेली नाही. चूक झाली की जबाबदारी खालच्या हातावर येते. माहिती मात्र वरच्या हाताला मिळते. कंपनीच्या माणसाने सिस्टरशी बोलूच नये असा नियम केला आणि सरकारी प्रशिक्षण आज आहे तसंच राहिलं, तर ती दोन्हीकडून कोरडी राहील. हा धोका मी मानतो.

पण कंपनीचा हेतू सरकारी वाटेने गावात शिरला की काय होतं, तेही आपण पाहिलेलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा पथदर्शी प्रकल्प झाला. लसी दोन परदेशी कंपन्यांनी दिलेल्या, राबवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था, आणि गावात काम करणारी यंत्रणा सरकारी. सुमारे २४ हजार मुलींना लस दिली गेली. सात मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण संमतीपत्रं तपासली तेव्हा खम्मममधल्या साडेनऊ हजार अर्जांपैकी पावणेतीन हजारांवर पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव या पट्ट्यात आश्रमशाळा आहेत, त्यांत गोंड-कोलामांच्या मुली शिकतात, तिथेही अधीक्षकच असतात. खम्ममची गोष्ट इथून दूरची नाही.

आणि नुकसान कोणाचं झालं? लस चांगली होती. देशात २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आणि ७७ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये. मधली बारा वर्षं अविश्वासात गेली, आणि आजही एचपीव्हीचं नाव काढलं की कोणीतरी खम्ममची आठवण काढतं. त्या आईच्या प्रश्नाला सिस्टरने 'घ्या' म्हटलं आणि पुढे कळलं की तिच्या 'घ्या'मागे कोणाची तरी भेट होती, तर पुढच्या वेळी ती आई गोवराच्या फुकट सुईलाही पोर आणणार नाही. सिस्टरचा शब्द एकच आहे. तो एका लसीसाठी विकला गेला तर सगळ्या लसींसाठी जातो.

या जिल्ह्याला असा अनुभव शेतीतही आला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कोणतं औषध, किती, कशात मिसळून, हे पुष्कळांना कृषी केंद्राच्या काउंटरवरच कळत होतं. कृषी अधिकाऱ्याची शिफारस कागदावर राहिली आणि काउंटरवरच्या माणसाचा शब्द शेतात गेला. सल्ला देणारा आणि विकणारा एकच झाला की काय होतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. संहितेत 'लिहून देण्यास किंवा पुरवण्यास पात्र' या शब्दांच्या जोडीला 'देणारी' आणि 'सुचवणारी' हे दोन शब्द घालावेत, आणि १९९२ च्या कायद्यातल्यासारखी आरोग्य कर्मचाऱ्याची व्याख्या घ्यावी. सरकारी असो वा खासगी, चिठ्ठी न लिहिणाऱ्या परिचारिकेला कंपनीकडून कोणतीही वस्तू नको, १,००० रुपयांच्या आतलीही नको. तक्ता हवा असेल तर तो लसीच्या नावाशिवाय हवा. कुपी हाताळण्याची, साठवण्याची, दुष्परिणाम ओळखण्याची माहिती कंपनीने द्यावी, ती मराठीत आणि लेखी द्यावी, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या समोर द्यावी, आणि त्यात किंमत व तुलना नसावी. दवाखान्यात किती कुप्या खपल्या यावर सिस्टरला काही मिळत असेल तर ते थेट गुन्ह्यात धरावं. आता समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत, आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने मधल्या फळीला मर्यादित औषधं लिहिण्याची वाट कलम ३२ मध्ये उघडली आहे. ती वाट रुंदावली की एमआर उपकेंद्राच्या दारात उभा राहील. नियम त्याआधी व्हायला हवेत.

आणि एक गोष्ट दिल्लीची वाट न पाहता जिल्ह्यात करता येईल. बाहेरच्या लसींबद्दल एक पान. कोणती लस कशासाठी, कोणत्या वयात, कोणाला खरंच गरज आहे, कोणाला थांबलं तरी चालेल, सरकारीत कोणती लवकर येण्यासारखी आहे, साधारण खर्च किती, आणि नाही घेतली तर आई वाईट ठरत नाही हेही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा नदीपलीकडे सेवाग्रामच्या बालरोग विभागातल्या डॉक्टरांनी ते लिहावं, दर वर्षी बदलावं, छपाई जिल्हा परिषदेने करावी. पोडावर ते वाचून चालणार नाही. कोलामी बोलणारी आशा लागेल, आणि तिला त्या कामाचेही पैसे द्यावे लागतील.